धान चावायची दाढ

माझ्या तोंडात उजवीकडे खाली, शेवटून दुसरी, अशी एक दाढ आहे. तिच्यावर आता दाताच्या डॉक्टरणीने बसवलेली टोपी आहे. ही दाढ ठेवायची की काढायची यावर एका कार्तिकात आमच्या घरी खल झाला, पुढे बरेच दिवस त्या दाढेपायी गेले, आणि तेवढ्या दिवसांत मी जितकी वाईट वागले तितकी पुढेमागे कधी वागले नसेन. कोणी मला तसं म्हटलं नाही. म्हणूनच लिहून ठेवते.

मी लग्न होऊन दिघोरीला आले तेव्हा भंडाऱ्यातून गोंदिया नुकताच वेगळा झाला होता. माझं माहेर तिकडच्या जिल्ह्यात गेलं, मी इकडच्या जिल्ह्यात राहिले. सासर धानाचं. घरामागे भाजीपाल्याची सांदवाडी, पुढे मोठं अंगण, आणि धान निघालं की त्या अंगणात पाय ठेवायला जागा नसायची. सगळीकडे वाळवण. घरी खायचा तांदूळ गावातल्या गिरणीतून काढून आणायचा, आणि गिरणीत नेण्याआधी धान किती वाळलं ते पाहावं लागतं. ओलसर गेलं तर यंत्रात दाणा चेपतो, त्याचं पीठ आणि कणी होते. फार वाळलं तरी दाणा फुटतो, पुन्हा कणीच. हे मोजायची यंत्रं खरेदी केंद्रावर असतात. आमच्या घरचं यंत्र म्हणजे दाढ. ढिगाच्या पोटातला एक दाणा घ्यायचा, दाढेखाली धरायचा आणि दाबायचा. कट् असा कोरडा आवाज येऊन दोन तुकडे झाले की धान तयार. दाणा नुसता चेपला, दाताला चिकटला, तर अजून ऊन लागणार. किती लागणार तेही दाढच सांगते. 'एक ऊन' म्हणजे एक दिवस.

आधी हे काम सासूबाईंचं होतं. त्यांच्या दाढा एकेक करून गेल्या, पुढचे चार दात उरले, तरी त्या दाणा चावायच्या आणि अंदाजाने सांगायच्या. माझ्या लग्नानंतरच्या तिसऱ्या वर्षी त्यांनी अंगणात सगळ्यांसमोर दाणा माझ्या हातावर ठेवला. "चाव," म्हणाल्या. मी चावला आणि घाबरत घाबरत म्हटलं, "एक ऊन पायजे, आत्याबाई." दुसऱ्या दिवशी धान पुन्हा पसरलं, तिसऱ्या दिवशी गिरणीत गेलं, तांदूळ अख्खा आला. त्यानंतर दाणा कायम माझ्याकडे.

याचं मला काय वाटायचं ते आता सांगायला लाज नाही. त्या घरात माझ्या शब्दाला एरवी काही वजन नव्हतं. भाजी कोणती करायची हे सासूबाई ठरवायच्या, कोणत्या बांधीत कोणतं धान लावायचं हे घरचे पुरुष ठरवायचे, आणि माझं माहेरी जाणं पाहुणे कधी येतात त्यावर ठरायचं. पण बंडी जुंपून दारात उभी असायची, आमचे हे आणि भाऊजी रिकामी पोती खांद्यावर टाकून उभे असायचे, मी दाणा तोंडात टाकायची, आणि सगळे गप्प. मी मुद्दाम थोडा वेळ लावायची. कट् तर केव्हाच झालेलं असायचं, तरी मी डोळे बारीक करून उभी. तेवढा वेळ त्या घरात माझं राज्य असायचं.

मग धाकटी जाऊ आली. ती चिखल्याची. वडील तिथल्या मँगनीजच्या खाणीत जमिनीखाली उतरायचे. कंपनीच्या वसाहतीत त्यांची खोली होती, नळ होता, दवाखाना होता. ती लहानपणापासून ब्रश आणि पेस्टने दात घासत आली होती. मी गुडाखूवर, तंबाखूच्या काळ्या लेपावर, वाढलेली. आमच्याकडे पोरी दहा-बारा वर्षांच्या झाल्या की आईच्या डबीतली गुडाखू बोटावर घेऊन दात घासायला लागतात, आणि मग ती सुटत नाही. माझे पुढचे दात कडांना काळपट होते. तिचे सारखे, पांढरे, आणि हसली की वरचे सगळेच्या सगळे दिसायचे. तिला हसायलाही फार कारण लागत नसे.

मला तिचा हेवा वाटायचा. पहिल्या दिवसापासून. नवरीमुलगी म्हणून अंगणात बसली होती, तेव्हा बाया तिचा चेहरा पाहत होत्या आणि मी दात पाहत होते. पुढे पुढे तर ती बोरं खाऊन आठोळ्या कडाकडा फोडायला लागली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायची. आतला गर काढून ती माझ्या मुलांना द्यायची. मुलं तिच्याभोवती माश्यांसारखी गोळा व्हायची.

सुरुवातीला मला एक समाधान होतं की हिला धानातलं काही कळत नाही. वाळवणात पाय फिरवताना ती खालचं धान वर येईल असे पाय ओढायची नाही, नुसती वरून चालायची. मी सासूबाईंना ते दाखवून द्यायची. पण तेही फार टिकलं नाही. दुसऱ्या हंगामात तिने सगळं उचललं. आणि एकदा मी पाहिलं, ती वाळवणात पाय फिरवता फिरवता खाली वाकली, एक दाणा तोंडात टाकला आणि पुढे गेली. कोणाला काही बोलली नाही. तो दाणा चावतानाचा तिचा चेहरा मला बरोबर कळला, कारण तो माझाच चेहरा होता. त्या दिवशी माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पण म्हणणार काय? धान घरचं, दात तिचे.

दाढ बिघडली ती लाखोळीच्या डाळीतल्या खड्याने. आधीच तिला भोक होतं, मी लवंग दाबून दिवस काढत होते. खडा आला, आणि दाढेची आतली बाजू तुटून हातात आली. मी तो तुकडा राखेत टाकला आणि कोणाला सांगितलं नाही. डाव्या बाजूच्या खालच्या दाढा थोरल्याच्या बाळंतपणानंतर एकामागून एक गेल्या होत्या. उजवीकडची शेवटची वरच्या दाढेला लागत नव्हती. म्हणजे दाणा चावायला ही एकच जागा होती, आणि तिथे आता गार पाणी लागलं तरी डोळ्यांत पाणी यायचं.

सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सासूबाईंनी तिथल्या तिथे दाणा तिच्या हातावर ठेवला असता. मी जशी उभी होते तशी ती उभी राहिली असती. तिच्या दातांनी तर कट् असा आवाज शेजाऱ्यांपर्यंत गेला असता.

हलकं धान लवकर पिकतं, भारी उशिरा. हलकं निघालं, वाळलं, बंडी जुंपली. सगळे माझ्याकडे पाहत होते. मी दाणा तोंडात टाकला, जिभेने गालात सरकवला, आणि पदराआड अंगठ्याचं नख तर्जनीच्या नखाखाली अडकवून सोडलं. कट्. इतका छान आवाज आला की माझं मलाच खरं वाटलं. "झालं," मी म्हटलं.

जाऊ माझ्या डाव्या हाताला उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाई, आणखी एक ऊन देलं तं?"

"काहून?"

"तसंच. काल आभाळ होतं नं."

"तुमच्या चिखल्यात धान वाळवत होते का खाणीत?" मी म्हटलं. भाऊजी हसले, हेही हसले. पोती भरली आणि बंडी गेली.

दुपारी तांदूळ आला तो सगळा चुरा होता. गिरणीत यंत्र दोनदा अडकलं म्हणे. यांनी गिरणीवाल्याला शिव्या घातल्या, त्याचा पट्टा ढिला झाला असेल, चाळणी फाटली असेल, असं काय काय बोलले. मीही हो म्हटलं. तो बिचारा आमच्याच गल्लीतून जायचा, मी चार महिने त्याच्याकडे पाहिलं नाही. जाऊ सुपात ती कणी घेऊन पाखडत बसली होती. पाखडता पाखडता तिने एकदा माझ्या अंगठ्याकडे पाहिलं आणि पुन्हा सुपाकडे. बोलली असती तर मी भांडले असते. न बोलणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही, त्याचा राग फार दिवस पुरतो.

आठवड्याभरात गाल सुजला. एक डोळा बारीक झाला. मग लपवायचं काही उरलं नाही. हे मला साकोलीला घेऊन गेले. दाताची डॉक्टरीण वयाने लहान होती, आवाज मऊ. तिने फोटो काढला, मला आरसा धरून दाखवलं. दाढेच्या जागी एक खड्डा होता आणि बाहेरच्या बाजूने एक भिंत उभी होती, पडक्या घराची एकच भिंत उरावी तशी.

"काकू, दोन रस्ते आहेत," ती म्हणाली. "काढून टाकायची, एका दिवसात काम संपेल. नाहीतर मुळं अजून चांगली आहेत, आतली नस काढून, साफ करून, वर बांधून घ्यायची आणि टोपी बसवायची. त्याला चार खेपा लागतील. आणि इतकी तुटली आहे की टिकेलच असं मी लिहून देणार नाही."

"काढा," हे म्हणाले.

"आज नाही काढता येणार, सूज आहे. गोळ्या देते. सूज उतरली की ठरवून या."

ठरवून या. मला एवढ्या वर्षांत कोणी असं म्हटलं नव्हतं. पण ठरवायला घरी आलो तर सगळ्यांचं ठरलेलंच होतं. सासूबाई म्हणाल्या, "माझे सारे गेले, मी मेली का? काढून टाक." भाऊजी म्हणाले, "वहिनी, भारी धान कापायचं आहे, आता साकोलीच्या चार खेपा कोण करन?" यांचं तर दवाखान्यातच बोलून झालं होतं. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात ठेवून हे मला दातांबद्दल सांगत होते. ऐकून घेतलं.

एकटी जाऊ म्हणाली, "बाई, वाचवा."

मी तिच्याकडे पाहिलं.

"माह्या आईची अशीच दाढ होती," ती म्हणाली. "कंपनीच्या दवाखान्यात घाईघाईनं काढून घेतली. मंग वरची खाली आली, बाजूची वाकडी झाली, दोन-चार वर्षांत ती बाजूच गेली. आता भात कुस्करून खाते. अन् मले म्हणते, तेव्हा कोणी थांब म्हटलं असतं तं थांबली असती."

हे ऐकून एखादी बाई विरघळली असती. माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की हिच्या आईला दाढ दुखल्याबरोबर चालत जाता येईल इतक्या जवळ दवाखाना होता. दुसरा विचार आला, ही काहून म्हणते वाचवा म्हणून? घरात कोणी कोणाच्या दाढेसाठी इतकं बोलत नाही.

दोन दिवस मी हाच हिशोब करत होते. दाढ काढली तर उजवीकडेही पोकळी, दाणा जाणार तिच्याकडे, कायमचा. दाढ ठेवली तर चार वेळा साकोली, आणि नेमकं त्याच वेळी भारी धान अंगणात येणार. मी तिकडे खुर्चीत तोंड वासून बसणार आणि ही इकडे अंगणात दाणा चावून 'झालं' म्हणणार. आणि एकदा लोकांना तिचं 'झालं' ऐकायची सवय लागली की माझी टोपी काय कामाची? म्हणजे काढली तरी तिचं भलं, ठेवली तरी तिचं भलं. म्हणून वाचवा म्हणते. काढा म्हटली असती तरी मी असंच काहीतरी शोधून काढलं असतं, हे मला आज कळतं. तेव्हा मला मी फार हुशार वाटले.

एक क्षण तर असा आला की ती वाचवा म्हणते म्हणून काढूनच टाकावी. दुखत तर इतकं होतं की काढून फेकावी असं दिवसातून चारदा वाटायचं. भांडी घासताना, चुलीपुढे वाकताना. जीभ त्या भिंतीला लावून पाहायची आणि ठरवायची, काढायची. मग अंगण दिसायचं, दारातली बंडी दिसायची, तिच्या तळहातावरचा दाणा दिसायचा, आणि मी पुन्हा ठरवायची, ठेवायची. डॉक्टरणीला वाटलं असेल बाई दुखण्याला घाबरते. दुखण्याचं मला काहीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी मी सांगितलं, दाढ ठेवायची. आणि सोबत धाकटी येणार.

"तिचं काय काम?" हे म्हणाले.

"बाईमाणसासोबत बाईमाणूस पायजे. मले चक्कर येते." चक्कर मला कधी आली नव्हती. पण एवढं केलं की माझ्या चारही खेपांना ती अंगणात नसणार होती. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं. दोन सुना एकाच दिवशी घराबाहेर, तेही कापणीच्या दिवसांत, म्हणजे त्या घरात कधी न झालेली गोष्ट. जाऊ लगेच तयार झाली. इतकी लगेच की मला पुन्हा संशय आला.

चार खेपा आम्ही एसटीने केल्या. तिच्या मांडीवर माझी पिशवी, पाण्याची बाटली, गोळ्या. परत येताना माझं तोंड बधिर असायचं, लाळ सुटलेली कळायची नाही, ती आपल्या पदराने पुसायची. लहान मुलाचं पुसावं तसं. मी मान फिरवून खिडकीकडे पाहायची. एका खेपेला शेजारी एक अनोळखी म्हातारी बसली होती, तिच्याशी हिच्या गप्पा जमल्या. कोणाशीही जमायच्या. ही हसली, तशी म्हातारी म्हणाली, "का सुंदर दात आहेत वं बाई तुये." मी बधिर गालाला रुमाल धरून मध्ये बसले होते. माझ्याकडे पाहून म्हातारी काय म्हणणार? "सासू काय तुई?" म्हणाली. माझ्यात आणि तिच्यात सात वर्षांचं अंतर. जाऊ घाईने म्हणाली, "नाई वं, माही मोठी जाऊ. हिच्या हातचं धान पाहजा तुमी, दाणा नाई फुटत." म्हातारीने कौतुकाने मान हलवली. मला वाटलं, चिडवते. आवाजात तसं काही नव्हतं, तरी मला तेच वाटलं.

इकडे भारी धान चुरून-मळून अंगणात आलं होतं. आम्ही घरी असलो त्या दिवशी ते पसरायचं, जायच्या दिवशी ताडपत्रीखाली झाकून ठेवायचं. पसरायची, भरायची, पाय फिरवायची, सगळं तीच करायची. मला डॉक्टरणीने वाकू नको म्हणून सांगितलं होतं, आणि मी ते अगदी तंतोतंत पाळलं. पुरुष म्हणत होते, आता नेऊन टाकू. मी म्हणायची, मी पाहिल्याशिवाय नाही. घरातला जुना तांदूळ संपला, शेजारून उसना आणला, तरी धान माझ्या दाढेसाठी थांबलं होतं.

चौथ्या खेपेला टोपी बसली. डॉक्टरणीने दात मिटायला लावले, कागद चावायला लावला, आणि हात धुता धुता म्हणाली, "आता जपा काकू. नस काढली आहे, त्यामुळे दुखणार नाही, पण खाली दाढ थोडीच उरली आहे. सुपारी, हाडूक, दाणे-फुटाणे, कडक असं काहीही या बाजूने चावायचं नाही. मोडली तर मग काढावीच लागेल."

जाऊ माझ्या मागेच उभी होती. तिने ऐकलं. मी तिच्याकडे पाहिलं नाही, तिनेही एसटीत तो विषय काढला नाही. सगळ्या रस्त्याने मी एकच विचार करत होते, ही घरी गेल्यावर सांगते का. ती उतरली, पिशवी घरात ठेवली, आणि धानावरची ताडपत्री सारखी करायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बंडी जुंपली. हे उभे, भाऊजी उभे, सासूबाई ओट्यावर. जाऊने ढिगात कोपरापर्यंत हात घातला, मधला दाणा काढला आणि तळहातावर ठेवून माझ्यासमोर धरला. नेहमी मी माझा मीच घ्यायची. त्या दिवशी तिने आणून दिला.

मी तो टोपीखाली धरला. आणि दाबता येईना. चार खेपा, तो खड्डा, ती एक भिंत, सगळं आठवलं. जरा दाबला. दाढेला काहीच कळत नव्हतं, चमच्याने चावावं तसं वाटत होतं. दाणा फुटला नाही. फुटणार कसा, मी जोर लावलाच नव्हता. सगळे गप्प होते, माझं राज्य होतं, आणि तोंडातला दाणा अख्खा होता.

"एक ऊन पायजे," मी म्हटलं.

भाऊजींनी पोती आपटली. "वहिनी, पंधरा दिवस झाले नं."

"बाई म्हणते तं देऊ एक ऊन," जाऊ म्हणाली. बैल सोडले. पुरुष बांधीकडे निघून गेले.

दुपारी मी स्वयंपाकघरातून पाहिलं तर अंगणातलं वाळवण दिसेना. पुढे येऊन पाहिलं. जाऊ एकटीच ताडपत्रीचं टोक धरून धान ओढत होती, उन्हातून बाजूला, गुरांच्या कोठ्याच्या सावलीत. अर्धं धान तिकडे गेलं होतं. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी एक ऊन म्हटलं आणि ही सावलीत टाकते. उद्या ओलं निघालं की सगळ्यांना सांगायला मोकळी, बाईला कळत नाही. मी चप्पल न घालता ओट्यावरून उतरले, आता हिला चार शब्द ऐकवायचेच म्हणून कोठ्याच्या भिंतीपर्यंत आले.

तिची पाठ माझ्याकडे होती. ती वाकली, एक दाणा उचलला, तोंडात टाकला. कट्. भिंतीच्या या बाजूला मला स्पष्ट ऐकू आलं. इतका कोरडा आवाज की धान चार दिवसांपूर्वीच तयार झालं असावं. तिने फोल थुंकलं, घाम पुसला, आणि उरलेली ताडपत्री ओढायला लागली. आणखी एक दिवस उन्हात राहिलं असतं तर दाणान् दाणा फुटला असता. तिने माझा शब्दही ठेवला होता आणि धानही.

मी तशीच मागे फिरले. मला तिच्याबद्दल माया वाटली असं लिहिलं तर ते खोटं होईल. मला तिचा हेवा वाटला. त्याआधीचा सगळा हेवा त्यापुढे काहीच नाही. दात पांढरे असणं मी समजू शकत होते, त्याला चिखल्याचं पाणी होतं, ब्रश होता, दवाखाना होता. कोणी पाहत नसताना कोणाच्या तरी खोट्यासाठी उन्हात एकटीने धान ओढायचं, हे तिला कुठून आलं ते मला समजत नव्हतं. मी चुलीजवळ बसून राहिले आणि भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने पुन्हा दाणा आणून दिला. मी तो नुसता तोंडात ठेवला. नख वाजवलं नाही. "झालं," म्हटलं. तिने वळून पुरुषांना सांगितलं, "झालं म्हणते बाई."

तांदूळ आला तो असा की सासूबाईंनी मूठभर घेऊन उजेडात पाहिला. कणी शोधून सापडत नव्हती. दुपारी त्याचाच भात केला. सगळे एकदमच जेवायला बसले, ती वाढत होती. यांनी भाताचं शीत बोटावर घेऊन मला दाखवलं आणि मान हलवली. एवढं कौतुक यांनी आयुष्यात दोनदाच केलं असेल. भाऊजींनी दोनदा भात मागून घेतला आणि आपल्या बायकोला म्हणाले, "पाय, एक ऊन कायले म्हणत होती वहिनी ते. तू त सावलीतच नेऊन टाकलं होतं, मी पाहिलं येता येता. आळस नोको करत जाऊ. शिकून घे काही वहिनीपासून."

मला बोलता आलं असतं. घास तोंडात होता, पण गिळून बोलता आलं असतं.

"हो," ती म्हणाली, आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.